दुरुस्त कार्ड

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नवं काम घेतलं की नवी वही, हा माझा नियम. कोणती कमांड दिली, काय चुकलं, कशाने सुटलं हे लिहून ठेवलं की पुढच्या वेळी डोकं खाजवावं लागत नाही. दुकानात अशा सतरा वह्या आहेत. ही अठरावी.

काम चंपतरावांच्या सिकलसेल, म्हणजे त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या, तपासणी केंद्राचं, इथंच जरीपटक्यात. चंपतराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले, पण अजून रोज सकाळी येऊन बसतात. तपासणी मेघा नावाची मुलगी करते. जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजतोय. कुण्या भल्या मुलांनी केंद्राला फुकट सॉफ्टवेअर बनवून दिलंय, ते कंटेनरमध्ये चालतं. मी नव्या लिनक्स मशीनवर डॉकर, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतो ते, बसवायचं, सॉफ्टवेअर सुरू करायचं आणि अठरा हजार माणसांच्या तपासण्या जुन्यातून नव्यात आणायच्या. मेघाने विचारलं, कंटेनर म्हणजे काय? म्हटलं, घरून भरून आणलेला डबा. कुणाच्याही टेबलावर उघड, भाजी तीच निघणार.

केंद्र मला नवं नाही. लग्नाआधी सगळे तिथूनच कार्ड काढतात. पांढरं म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे वाहक, त्याला स्वतःला त्रास नसतो पण पोरांकडे जाऊ शकतो. लाल म्हणजे आजार. पोर लाल व्हायला आई-बाप दोघंही पिवळे असावे लागतात. माझं कार्ड पांढरं, क्रमांक २१४७. पाठ आहे.

जेवताना आईला सांगितलं. तिचा हात भाकरीवर थांबला. "तिकडं काहून जातं गा? दुसरं काम नाही का तुले?" मग थोड्या वेळाने, "त्यात जुनी नावंबी दिसतेत का?" सगळीच दिसतात म्हटलं. तिला कॉम्प्युटरची पहिल्यापासून धास्ती आहे.

प्रीतमचा फोन आला, म्हणजे माझ्या बायकोच्या, कामिनीच्या, भावाचा. घटस्फोटाच्या कागदांवर ती सही करायला तयार आहे, पण एक अट आहे. मी आधी एकदा रक्त तपासून घ्यायचं. ऐकून हादरलोच मी. नऊ वर्षं माहेरी बसून तेच मागणं, आता त्याची अट! पैसा नाही, भांडी नाही, माझं रक्त हवंय. कार्ड असताना तपासणी कशाला करायची?


५ नोव्हेंबर, बुधवार

लिनक्सच्या स्वतःच्या साठ्यातलं डॉकर जुनं असतं. ते आधी काढलं. मग बनवणाऱ्यांची चावी आणली, म्हणजे उतरवलेला माल खरा की खोटा ते मशीनला ओळखता येतं. त्यांचा पत्ता यादीत घातला आणि ताजं उतरवलं. चाचणीचा छोटा कंटेनर चालवायला गेलो तर परवानगी नाही म्हणाला. माझं नाव परवानगी असलेल्यांच्या गटात घातलं, बाहेर पडून पुन्हा आत आलो, तेव्हा नमस्काराचा संदेश आला. पन्नास मिनिटं. मेघाने चहा पाजला.

आज पौर्णिमा. पौर्णिमेला आई सकाळी बुद्धविहारात जाते ती संध्याकाळीच येते. आज आली तेव्हा डोळे सुजलेले होते. उदबत्तीचा धूर म्हणाली.

त्या अटीचा राग उतरत नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. २०१० साली लग्न जमलं ते कार्डावर जमलं. कामिनी पिवळी, मी पांढरा, म्हणून चाललं. साहिल दोन वर्षांनी झाला. चौथ्या वर्षी त्याचे हातपाय सुजायला लागले, रात्ररात्र रडायचा. मोठ्या दवाखान्यात तपासलं तर लाल. डॉक्टर म्हणाले, वडिलांची तपासणी पुन्हा करा. मी खिशातून कार्ड काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर आलो. एक पांढरा आणि एक पिवळी, तर लाल पोर येईल कुठून? शेंबड्या पोरालाही कळतं. मी कामिनीला एक शब्द वाईट बोललो नाही. कार्डच बोललं, की पोर माझं नाही. आठ दिवसांनी सक्करदऱ्याला तिच्या भावाकडे सोडून आलो. साहिल तिच्या खांद्यावर झोपला होता.

मशीन आणि कागद खोटं बोलत नाहीत. माणसं बोलतात.


७ नोव्हेंबर, शुक्रवार

सॉफ्टवेअर चालू केलं, चाचणी म्हणून दोन हजार नावं भरली. मेघाने दिवसभर बसून त्यातल्या तीनशे नावांपुढे नवे फोन नंबर टाकले. संध्याकाळी एक सेटिंग बदलायचं होतं म्हणून मी कंटेनर काढून पुन्हा उभा केला. उघडून पाहतो तर एकही नाव नाही. कोरं. मेघाचा अख्खा दिवस वाया.

चूक माझी. कंटेनर काढला की आतलं सगळं त्याच्याबरोबर जातं. जे टिकवायचं ते बाहेर वेगळ्या जागी ठेवावं लागतं, व्हॉल्यूम म्हणतात त्याला. व्हॉल्यूम केला, जोडला, चार वेळा कंटेनर काढून घालून खात्री केली. नावं जागच्या जागी. एरवी ही सोय मोठी आहे: शंका आली की सगळं पुसायचं आणि मूळ फायलीपासून पुन्हा भरायचं. जुन्याचं काही शिल्लक राहत नाही.

सोयरिकी जमवणाऱ्या इंदुताई घरी येऊन गेल्या. कोराडीच्या कॉलनीतलं स्थळ आहे, काजल नाव, शाळेत शिकवते, नवरा वारलेला. आई एकच धरून बसली आहे, मुलगी पांढऱ्या कार्डाचीच पाहिजे. मी म्हटलं, अगं मी पांढरा आहे, समोरची कशीही असली तरी चालते. तर म्हणते नाही, या वेळी पांढरीच. म्हाताऱ्या माणसाला समजावून उपयोग नाही.


१० नोव्हेंबर, सोमवार

अठरा हजार दोनशे सहा नावं भरली. एकही अडकलं नाही. मेघा म्हणाली, एखादं नाव शोधून दाखवा. मी २१४७ टाकला.

नाव बरोबर. वडिलांचं नाव आनंदराव, बरोबर. जन्मतारीख बरोबर.

पहिली चाचणी (शिबिरात): दोष नाही.
दुसरी चाचणी (प्रयोगशाळेत): वाहक.
दुरुस्त कार्ड: दिले, १४ मार्च २०१०. घरच्यांनी घेतले.

मेघा शेजारीच उभी होती. मी पडद्यावरची खिडकी बंद केली आणि म्हटलं, भरताना ओळी सरकल्या वाटतं. ती म्हणाली, असेल. तिला माझा नंबर माहीत नाही, पण नाव वाचलं असणार.

पाणी प्यालो. ओळीच सरकल्या आहेत.


११ नोव्हेंबर, मंगळवार

कंटेनर काढला. व्हॉल्यूम काढला. इमेज, म्हणजे कंटेनरचा मूळ साचा, तीही काढून पुन्हा उतरवली. मूळ फाईल जुन्या मशीनवरून नव्याने आणली. भरलं. २१४७. वाहक.

दुपारी पुन्हा. वाहक.

दुकानात येऊन माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर शून्यापासून बसवलं. तिथं त्या मशीनची हवाही लागलेली नाही. वाहक. कुठंही उघडा, भाजी तीच, हे मीच शहाणपणाने सांगितलं होतं.

अजून एक पाहायचं राहिलं होतं. त्या शिबिरात माझ्या पुढे रांगेत अंकुश होता, माझ्या वर्गातला. त्याचा क्रमांक २१४६. तो पिवळा आहे हे मला माहीत आहे, त्याने बायको पांढरी शोधून केली. ओळींची अदलाबदल झाली असेल तर त्याचं पिवळं माझ्यावर आलं असेल आणि माझं पांढरं त्याच्यावर गेलं असेल. अगदी आशेने २१४६ टाकला.

अंकुश पिवळाच आहे. ओळी जिथल्या तिथे आहेत.

जेवलो नाही. आईने दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का. तिसऱ्यांदा विचारलं, केंद्रातलं काम संपलं का.


१२ नोव्हेंबर, बुधवार

मशीनवर विश्वास ठेवायचा तर मी पिवळा. कामिनी पिवळी. साहिल लाल. शाळेच्या बेरजेइतकं सोपं आहे. ही बेरीज मला त्या डॉक्टरांनी करून दाखवली होती आणि मी टेबलावर कार्ड आपटलं होतं.

नऊ वर्षं. मी तिला काय काय म्हणालो नाही याचाच मला अभिमान होता.

"घरच्यांनी घेतले." म्हणजे बाबांनीच. घरातले व्यवहार तेच बघायचे. २०१९ मध्ये गेले, आता विचारायचं कुणाला? भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे आज बघवलं नाही. संतापाने मी तो उतरवून कपाटावर उलटा ठेवला. आई बघत होती. फोटो काहून काढला हेही तिने विचारलं नाही.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

चंपतरावांना विचारलं. माझं नाव नाही सांगितलं, पद्धत विचारली. ते खुशीत सांगत बसले. शिबिराला लोक लांबलांबून यायचे, त्यांना रिकाम्या हाताने पाठवू नये म्हणून पहिल्या झटपट चाचणीवरच कार्ड द्यायचे. नंतर प्रयोगशाळेत दुसरी व्हायची. शेकड्यात एखाद्याचं वेगळं निघायचं. मग हे स्वतः सायकलने घरी जाऊन दुरुस्त कार्ड द्यायचे. फोनवर कधी सांगितलं नाही, पोस्टाने पाठवलं नाही, गावभर व्हायला नको म्हणून.

आणि द्यायचे कुणाच्या हातात? "जो सोयरीक पाहते त्याच्या. पोराच्या हाती देऊन काय फायदा, लगन त मोठेच जमवतेत."

घेणाऱ्याची सही घेत होते म्हणाले. आवक-जावक रजिस्टरात. त्याची पानं मेघाने मागेच स्कॅन करून ठेवली आहेत, ती उद्या भरायची आहेत. माझ्याच हाताने.


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पान ८८. २१४७ च्या ओळीत शेवटच्या रकान्यात निळ्या शाईची सही. बाबांची नाही.

रंभाबाई.

ही सही मी जगात कुठेही ओळखीन. सातवीत होतो तेव्हा रोज शाळेतून आलो की आईला पाटीवर शिकवायचो. शेवटचं अक्षर तिच्याकडून नेहमी ओळीखाली घसरायचं, आणि मी हसायचो. पंधरा दिवसांनी बँकेत अंगठ्याऐवजी सही केली तेव्हा तिने मला जिलेबी आणली होती.

अक्षर ओळीखाली घसरलेलं आहे.

पुढे काही भरलं नाही. मशीन तसंच चालू ठेवून निघालो. लिंबाच्या झाडाखाली गाडी उभी करून किती वेळ बसलो ते आठवत नाही.


१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आई तांदूळ निवडत होती. मी फोनवर त्या पानाचा फोटो उघडून तिच्या समोर धरला. तिने चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला आणि सूप बाजूला ठेवलं. जणू तिला हे आज येणार हे ठाऊक होतं.

"पत्रिका वाटून झाल्या होत्या, जितू. हळद दळून झाली होती. तुहा बाप आधीच एका झटक्यातून उठला होता."

मी म्हटलं, मला सांगायचं होतं.

"चारात एक म्हनले होते ते चंपतराव मास्तर. चार लेकरं झाले त एक लाल. मी म्हनलं, तीन त आपले."

मी विचारलं, आणि साहिल लाल निघाला तेव्हा? मी कामिनीला घालवून आलो तेव्हा? तू याच दारात उभी होतीस.

तिने पदराने चष्मा पुसला. मग म्हणाली, आज सांगते, उद्या सांगते म्हणता म्हणता राहून गेलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी रागावलो असतो. महिन्याने सांगितलं असतं तर घरातून काढलं असतं. वर्षाने सांगायला तोंडच उरलं नव्हतं. आणि शेवटी म्हणाली, "सून गेली त गेली, पोरगा त राहील, असं वाटलं मले."

उठून तिने धान्याची कोठी हलवली. खालच्या कागदाच्या घडीतून पिवळं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. कडेला उंदराने कुरतडलेलं. २१४७. चंपतरावांचं अक्षर. आम्ही रोज त्या कोठीतलं खातो.

ती पुन्हा तांदूळ निवडायला बसली, पण नुसतेच हात फिरत होते. तिला काय म्हणू? पत्रिका वाटल्या तेव्हा ती घाबरली हे मला कळतं. पण तो डॉक्टर मला तोंडावर सांगत होता, कामिनी नऊ वर्षं एकच मागत होती, त्यांचं मी ऐकलं नाही. ते काही आईने कोठीखाली दडवलेलं नव्हतं.


१७ नोव्हेंबर, सोमवार

केंद्रात गेलो आणि मेघासमोर बाही वर केली. ती म्हणाली, भाऊ, मशीनमध्ये आहे ना सगळं. म्हटलं, मशीनचं नको, माझं घे. अट तशीच आहे.

संध्याकाळी रिपोर्ट. वाहक.

चंपतरावांना आता सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावरचे माझे दोन्ही हात धरले. "तुह्या हातात द्यायले पाहिजे होतं बापू." एवढंच म्हणाले आणि रुमाल शोधत राहिले. देवमाणूस म्हणतात त्यांना सगळे. आहेतच. लोकांची अब्रू जपायला सायकलवर उन्हातान्हात फिरले.

मग मला सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. सॉफ्टवेअरला विचारलं, दुरुस्त कार्ड दुसऱ्याच कुणी घेतलं असे किती? त्रेसष्ट नावं आली. आम्ही तिघं पडद्याकडे पाहत बसलो. यातल्या किती कोठ्यांखाली पिवळी कार्डं आहेत? किती कामिनी आपापल्या भावांकडे राहत असतील? मेघाने पेन घेतला आणि पहिल्या नावापासून फोन नंबर लिहायला लागली. ज्याचं कार्ड त्याच्याच हातात द्यायचं, असं ठरलं. घरोघरी मीच जाणार आहे.

इंदुताईंना कळवलं, कोराडीला नाही सांगा. कारणही सांगितलं.


१९ नोव्हेंबर, बुधवार

सक्करदऱ्याला जाऊन आलो. प्रीतमने दार उघडलं, बाजूला झाला. कामिनी आतून आली. केस कानापाशी पांढरे झालेत. मी काय बोलायचं ते वाटेत चार वेळा ठरवलं होतं. त्याऐवजी नवीन कार्ड, मेघाने सोमवारी लिहून दिलेलं, तिच्या हातात ठेवलं.

तिने ते उलटसुलट पाहिलं. तारीख वाचली. मग मी जुनं कार्डही दिलं आणि ते कुठं होतं, कुणी घेतलं होतं ते सांगितलं. ती खुर्चीवर बसली.

"म्हणून त्या दर पौर्णिमेला येतात," ती म्हणाली. "साहिलला संत्री आणतात. बसून रडतात. मला वाटे नातवासाठी रडून राहिल्या."

आता मी बसलो. नऊ वर्षं आई विहारात जाते म्हणून मी तिला बसस्टॉपवर सोडत होतो.

साहिल आतून आला. तेरा वर्षांचा आहे, दिसतो दहाचा. डोळे पिवळसर. मला त्याने ओळखलं की नाही, कळलं नाही. कामिनीने दोन्ही कार्डं त्याच्यापुढे धरली आणि सांगितलं, हे यांचं. त्याने नाव वाचलं, रंग पाहिला. या पोराला रंगांचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही.

"म्हणजे आई खरं बोलत होती," तो म्हणाला.

मला विचारत होता. मी हो म्हणालो. माझी चूक झाली, हे मी आधी त्याला म्हणालो आणि मग तिला. घरी चल, असं म्हणायचं होतं. माझ्या वाक्यात ते येणार हे तिला दिसलं असावं. ती उठली, कपाटातून कागद काढले. माझ्या वकिलाने पाठवलेले तेच कागद. सगळं भरून ठेवलेलं, फक्त सही राहिली होती. पेन शोधला आणि एकेक पान उलटत चारही ठिकाणी सही केली.

मी म्हटलं, कामिनी, आता मला हे नको आहे.

"मी नऊ वर्षं या कार्डाची वाट पाहून राहिली होती," ती म्हणाली. "तुमची नाही."

रागाने नाही म्हणाली. थकलेला माणूस ओझं खाली ठेवताना बोलतो तसं म्हणाली. नवीन कार्ड तिने ठेवून घेतलं, साहिलच्या डॉक्टरांना दाखवायला. जुनं कार्ड आणि सह्या केलेले कागद माझ्या हातात दिले. साहिलला भेटायला यायचं तर या, त्याला विचारून या, असं म्हणाली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, सांगतो.


२० नोव्हेंबर, गुरुवार

काम पूर्ण. अठरा हजार दोनशे सहा नावं, रजिस्टरची सगळी पानं. डेटा बाहेर व्हॉल्यूममध्ये, रोजची एक प्रत वेगळ्या डिस्कवर. मशीन बंद होऊन चालू झालं तर कंटेनर आपोआप उभा राहतो, तीनदा तपासलं. त्रेसष्टपैकी चार घरी जाऊन आलो. एका घरी दार लावून घेतलं.

बाबांचा फोटो पुसून परत भिंतीवर लावला. आईने आज दोनच भाकऱ्या केल्या, माझ्या. तिला वाढून दिलं आणि समोर बसलो. जेवली थोडं.

कागद माझ्यासमोर आहेत. चार ठिकाणी कामिनीची सही, चार ठिकाणी माझी रिकामी जागा. लग्न झाल्यापासून तिने माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या, एक तपासणी आणि आता ही सही. पहिलीला मी नऊ वर्षं लावली.

पेन घेतलाय. ही वही बंद करतो आणि सही करतो.